डिजिटल स्कॅनची झिरकोनिया कॅप साध्या मापाच्या कॅपपेक्षा चांगली बसते का?

तुम्ही विचारलंय, रूट कॅनाल झालेल्या दाढेला सोलापुरात एका दवाखान्यात ट्रेने माप घेऊन झिरकोनियाची (पांढऱ्या, कडक सिरॅमिकची) कॅप सांगितली, दुसरीकडे तीच 'डिजिटल', म्हणजे तोंडात कॅमेरा फिरवून स्कॅन केलेली, म्हणून महाग सांगितली, कुठली घ्यावी? वर असंही लिहिलंय की सगळं मशीनच करतं तर लॅबवाल्याला पैसे कशाचे. मी लॅबमध्ये कॅपच बनवतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर.

झिरकोनिया दोन्हीकडे डिजिटलच असतो. रबर बेसचं (ट्रेमध्ये भरायच्या रबरासारख्या मसाल्याचं) माप आलं तर त्यात डाय-स्टोन (कडक प्लास्टर) ओतून मॉडेल करतो आणि ते लॅबच्या स्कॅनरमध्ये ठेवतो. पुढे काम एकच: कॉम्प्युटरवर डिझाइन, झिरकोनियाच्या चकतीतून मिलिंग (मशीनने कोरणं), मग भट्टी. फरक फक्त तोंडातलं माप कशाने घेतलं एवढ्यापुरता.

आता मशीन कुठे अडतं ते बघा. स्कॅनची फाइल उघडली की पहिलं काम मार्जिन, म्हणजे घासलेला भाग जिथे संपतो ती रेघ. कॅमेरा दिसतं तेवढंच टिपतो. कड हिरडीखाली असेल, वर लाळ किंवा रक्त असेल, तर सॉफ्टवेअर तिथे स्वतःच्या अंदाजाने गुळगुळीत उतार काढून देतं. पडद्यावर झकास दिसतो, पण तो दात नसतो. त्या रेघेवर कॅप केली की कड उघडी राहते, शेंगाचटणीचा कण रोज तिथेच अडकतो आणि आतून कीड लागते. रबर बेस निदान हिरडीच्या आत थोडा सरकतो, प्रकाश सरकत नाही. म्हणून स्कॅनआधी हिरडीत बारीक दोरा भरून काही मिनिटं थांबणं आणि दात कोरडा करणं, हे टाळता येत नाही. स्कॅनर घेतला की फिटिंगची तक्रार संपते असं विकणारे सांगतात. साफ खोटं आहे ते.

दुसरी अडचण धारदार कडांची. घासलेल्या दाताचा कोपरा मिलिंगच्या बरपेक्षा (कोरणाऱ्या टोकापेक्षा) बारीक असेल तर तो कोपरा बसावा म्हणून कॅप आतून जास्त कोरली जाते. वरून नीट दिसते, आत सैल असते, सगळा भार सिमेंटवर. कोपरे गोल हवेत आणि चावण्याच्या बाजूला साधारण १ ते १.५ मिमी जागा हवी. जागा नसेल तर कॅप पातळ होते, नाहीतर उंच बसते. फाइल परत पाठवली की 'कशीतरी बसवून द्या' असा निरोप येतो. कशीतरी बसवलेली कॅप फार टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

भट्टीचंही तसंच. मिलिंग झालेली कॅप सुमारे २० टक्के मोठी असते आणि १५०० अंशांच्या आसपास भाजली की आकसून मापात येते. हे चक्र बरेच तास चालतं. मध्येच वीज गेली आणि बॅकअप नसेल तर ती कॅप टाकून नवी करायची. पैसे याचे असतात.

तेव्हा नुसत्या स्कॅनसाठी जास्त पैसे देऊ नका. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: हिरडीत दोरा घालता का, आणि कॅप चिकटवण्याआधी एक्स-रेवर कड तपासता का? आधीचा दवाखाना अल्जिनेटवर (पाण्यात कालवायच्या मापाच्या पावडरीवर) माप घेत असेल तर मात्र तिथे कॅप करू नका. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते लगेच सुकून आकसतं. लॅबने फाइल परत केली म्हणून तुम्हाला पुन्हा बोलावलं तर चिडू नका, तो डॉक्टर नीट काम करतोय.

एक राहिलंच: ट्रे तोंडात घातला की उलटी येत असेल तर स्कॅनच घ्या. एका दाढेला तो छान चालतो. पूर्ण जबड्याच्या कामात मात्र तुकडे जोडताना चूक वाढत जाते, तिथे वेगळा विचार करावा लागतो. आणि तात्पुरती कॅप असेपर्यंत त्या बाजूने कडक भाकरी चावू नका.