आधी दहावं वाच

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम. रविवारी उपासनेनंतर तू विचारलंस, "यिर्मया 29:11, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत', हे देवाचं वचन चार वर्षं टेबलासमोर चिकटवलंय, तरी परीक्षेत तिसऱ्यांदा नापास. वचन खोटं की माझा विश्वास कमी?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दोन्ही नाही. तू दहावं वचन वाचलेलंच नाहीस. आधी दहावं वाच.

इ.स.पू. 597 मध्ये यहूदाच्या यखन्या राजाबरोबर बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने धाडलेलं ते पत्र आहे. 'तुमच्याविषयी' असं त्यात म्हटलंय, 'तुझ्याविषयी' नाही. आणि दहाव्यात लिहिलंय, बाबेलची 70 वर्षं भरल्यावर परत आणीन! पत्र ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. म्हणून तो सांगतो, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना करा. आपण मात्र एक वाक्य कापून कॅलेंडरवर छापतो.

हनन्या नावाचा खोटा संदेष्टा मात्र लोकांना सांगत होता, "दोनच वर्षांत सुटका होईल." बाबेलच्या गुलामगिरीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जोखड त्याने सर्वांसमक्ष मोडलं. कुणाला आवडला नसेल तो?

मी तेच केलंय. 1982 च्या गिरणी संपात मी प्रार्थनासभा घ्यायचो. एका कामगार बांधवाला हेच अकरावं वाचून म्हणालो, "वर्षभरात भोंगा वाजेल, धीर धर." त्याला नाशिकला नोकरी मिळत होती. माझ्या शब्दावर तो थांबला. भोंगा वाजला नाही, थोरलीची शाळा सुटली. मी खोटं बोललो नव्हतो रे. मला मनापासून तसंच वाटत होतं. रडणाऱ्या माणसाला 70 वर्षं कोण सांगेल? पण हनन्यालाही मनापासूनच वाटत असेल. दहावं मलाही माहीत होतं, मी ते वाचलं नाही.

म्हणून 'विश्वास कमी पडला' हे पुन्हा म्हणू नकोस, मला राग येतो. यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैद, तेव्हा त्याने अनाथोथचं शेत 17 शेकेल रुपं तोलून विकत घेतलं. खरेदीखत मडक्यात ठेवायला लावलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. त्या शेतात तो स्वतः कधी नांगर धरणार होता?

ती शिकवणीतली नोकरी घे. परीक्षा द्यायची तर दे, पण नोकरी घे. कागद भिंतीवरून काढू नकोस, त्याच्या वर दहावं लिही.

मंगळवारी संध्याकाळी घरी ये, बायबल घेऊन. अठ्ठाविसाव्या अध्यायापासून वाचू.

तुझा,
काका