रक्तातल्या मायक्रो-आरएनएच्या तपासणीतून पार्किन्सन्स ओळखता येतो का?

वडिलांचा उजवा हात थरथरतो, एका लॅबने रक्तातल्या मायक्रो-आरएनएची, म्हणजे पेशीत कुठलं प्रथिन किती बनावं हे ठरवायला मदत करणाऱ्या बारीक रेणूंची, तपासणी सुचवली आहे, ती करावी का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. आजच्या घडीला तरी त्या तपासणीवरून कुठलाही न्यूरोलॉजिस्ट वडिलांना पार्किन्सन्स आहे किंवा नाही असं सांगणार नाही.

मी लॅब टेक्निशियन आहे. रक्त काढणं हेच माझं काम, आणि हा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलच्या संशोधन प्रकल्पात पार्किन्सन्सच्या पेशंटांचं रक्त घ्यायला मला नेमलं होतं. कल्पना चांगलीच होती. मेंदूचा तुकडा काढून बघता येत नाही, पण मेंदूतल्या पेशींचे मायक्रो-आरएनए थोडेफार रक्तात उतरतात. जेमतेम बावीस रासायनिक अक्षरांचे हे रेणू प्रथिनांना चिकटून किंवा पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्यांमध्ये बसून येतात, म्हणून रक्तात टिकतात. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत त्यांचा शोध लागला आणि २०२४ चं नोबेल अँब्रोस आणि रव्हकुन या शास्त्रज्ञांना त्याच कामासाठी मिळालं. म्हणजे विषय खोटा नाही. घोळ होतो तो ट्यूबमध्ये.

साताऱ्याकडचे एक आजोबा यायचे, एसटीत ड्रायव्हर होते. हात मांडीवर टेकवला की थरथर सुरू, उचलला की कमी. रक्त घेताना हात उशीवर सैल सोडावा लागतो, म्हणजे नेमका थरथरायलाच मोकळा. शीर सापडते, पण हात हलला की सुई शिरेच्या भिंतीला टेकते, रक्त थेंबथेंब येतं, टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधलेला पट्टा, जास्त वेळ आवळून राहतं. बाहेर रांग असते. घाईत कुणी सिरिंजचा दांडा जोरात ओढला की तांबड्या पेशी तिथल्या तिथे फुटतात. मी बटरफ्लाय (नळी जोडलेली बारीक सुई) लावायचे, टूर्निकेट लगेच सोडायचे, आजोबांशी बोलत सावकाश घ्यायचे. पण रक्त घेणारी मी एकटी नव्हते. उलट 'निरोगी' गटात कोण? पेशंटबरोबर आलेली मुलं-सुना आणि कॉलेजचे विद्यार्थी. त्यांची ट्यूब भराभर भरते.

ट्यूब स्पिन करून, म्हणजे मशीनमध्ये गरगर फिरवून, बाहेर काढली की वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, फिकट पिवळा दिसायला हवा. पेशंटांच्या ट्यूबमध्ये तो कितीदा तरी पातळ कोकम सरबतासारखा गुलाबी दिसायचा. मिर-४५१ आणि मिर-१६ हे दोन मायक्रो-आरएनए तांबड्या पेशींत ठासून भरलेले असतात. पेशी फुटल्या की ते प्लाझ्मात येतात, आणि गुलाबीपणा डोळ्यांना दिसण्याआधीच आकडे बिघडलेले असतात.

मी रजिस्टरमध्ये अशा प्रत्येक ट्यूबपुढे 'हिमोलाइज्ड', म्हणजे तांबड्या पेशी फुटलेलं, असं लिहिलं आणि ही सॅम्पल्स बाजूला काढा म्हणून सांगितलं. प्रकल्पाच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "ताई, तुमचं काम रक्त काढायचं. अ‍ॅनालिसिस आमच्यावर सोडा. एवढी सॅम्पल्स काढली तर उरणार काय?" पुढे पेशंटांमध्ये वाढलेल्या आरएनएंची यादी आली, तेव्हा वरची दोन नावं होती मिर-४५१ आणि मिर-१६. त्या यादीने पार्किन्सन्स ओळखलाच नव्हता. तिने थरथरणारा हात ओळखला होता, आणि तो तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

हे तपासायला फार काही लागत नाही. प्लाझ्माचा थेंब स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ४१४ नॅनोमीटरला वाचला की मोकळं हिमोग्लोबिन कळतं. मिर-४५१ ची तुलना मिर-२३ए शी केली की पेशी किती फुटल्या याचा अंदाज येतो, कारण पेशी फुटल्या तरी मिर-२३ए फारसा हलत नाही. प्लाझ्मा दोनदा स्पिन करायचा, नाहीतर प्लेटलेट उरतात आणि फ्रीझरमधून काढल्यावर फुटून आपले आरएनए ओततात. हेपरिनची ट्यूब वापरायची नाही, ती पीसीआर, म्हणजे आरएनए मोजायची चाचणीच, अडवते. जांभळ्या टोपीची ईडीटीए घ्यायची. ही सगळी टेक्निशियनच्या हातातली कामं आहेत. एका गटाने छापलेली आरएनएची यादी दुसऱ्या गटाच्या यादीशी इतक्यांदा जुळत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. रक्त काढणं हलकं काम समजणाऱ्यांनी मायक्रो-आरएनएला हात लावू नये.

आता वडिलांचं. हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच असं नाही. न्यूरोलॉजिस्ट हालचाली मंदावल्यात का, हात कडक झालाय का, हे बघून ठरवतात. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या औषधाने फरक पडतो का तेही बघतात. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेवर सिनारिझिन देतात; या दोन्हींनी म्हाताऱ्या माणसांत हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. हे कुठल्याही आरएनएच्या रिपोर्टमध्ये दिसणार नाही, स्ट्रिपवर मात्र छापलेलं असतं.

रक्तावरून मेंदूचा आजार ओळखण्यात पुढे गेलेत ते प्रथिनंवाले. अल्झायमरच्या निदानाला मदत करणारी रक्ताची पहिली चाचणी अमेरिकेच्या एफडीए या औषध-चाचण्यांना परवानगी देणाऱ्या संस्थेने मे २०२५ मध्ये मंजूर केली, ती पी-टाऊ २१७ आणि बीटा-अमायलॉइड ४२ या प्रथिनांच्या गुणोत्तराची. पार्किन्सन्समध्येही पाठीच्या पाण्यातलं अल्फा-सायन्यूक्लिन बघतात, तेही प्रथिनच.

कुणी संशोधनासाठी वडिलांचं रक्त मागितलं तर जरूर द्या, पैसे मात्र देऊ नका. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा की हिमोलिसिस, म्हणजे पेशी फुटणं, मोजता का, आणि निरोगी गटाचं रक्त त्याच पद्धतीने, त्याच हातांनी घेतलंय का. 'ते आमच्यावर सोडा' असं उत्तर आलं तर सही करू नका.

दोन गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझं वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि आरएनए सगळीकडेच कुचकामी आहे असं समजू नका. एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाणाऱ्या आजारात, प्लाझ्मातल्या मिर-१८१ वरून आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज येतो असं २०२१ मध्ये चांगल्या अभ्यासातून पुढे आलं आहे. स्नायूंच्या दुर्मिळ आजारांत डीएनए तपासून काही सापडलं नाही, तिथे स्नायूच्या तुकड्यातला आरएनए वाचून काही कुटुंबांना उत्तर मिळालं आहे. मेंदूज्वरात तर पाठीच्या पाण्यात एंटरोव्हायरसचा आरएनए शोधणं ही रोजची पीसीआर आहे, ती डॉक्टरांनी सांगितली तर एक मिनिटही थांबू नका.