बुडापेस्ट गॅम्बिट सोडू नका, झटपट मात करण्याचा नाद सोडा

बुद्धिबळात काळ्याकडून बुडापेस्ट गॅम्बिट (पांढऱ्याच्या डी४, सी४ वर घोडा एफ६ आणि ई५ करून प्यादं देऊ करण्याची सुरुवात) खेळता, ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या डावांत, धडाधड जिंकता, पण स्पर्धेत चारपैकी तीन डाव गेले, समोरचा सापळ्यात येतच नाही, मग हे ओपनिंग सोडू का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना माझीच दोन वर्षं डोळ्यांसमोर आली.

आधीच सांगतो, मी कोच नाही. माझं रेटिंग १६०० च्या आसपास, म्हणजे हौशी खेळाडूचंच. तुमचे कोच असतील तर त्यांचं आधी ऐका.

उंटाचा बी४ वर शह, मग वजीर ई७, चालींची ही ओळ तुम्हाला पाठ असणारच. पांढऱ्याने ए३ केलं की आपण घोड्याने ई५ घ्यायचं, त्याने हावरटपणे उंट मारला की घोडा डी३ वर, मात. पण ही मात होते कशामुळे? ई२ चं प्यादं आपल्या वजिरामुळे पिन झालेलं असतं (हललं तर मागच्या राजाला वजिराचा शह, म्हणून घोडा मारू शकत नाही) आणि तेच प्यादं एफ१ च्या उंटाची वाट अडवून बसलेलं असतं.

याच मातेच्या नादात मी एक डाव घालवला. स्पर्धेची शेवटची फेरी होती, जिंकलो असतो तर बक्षीस होतं. समोरच्या मुलाने सातव्या चालीला ए३ न करता ई३ केलं. मी ठरल्याप्रमाणे ई५ घेतलं. मग त्याने ए३ केलं. तेव्हाच उंटाने डी२ चा घोडा मारायला हवा होता. माझ्या डोक्यात मात पक्की बसलेली, हा उंटाला हात लावणार नाही असं धरून मी कॅसलिंग केलं. त्याने चार-पाच मिनिटं पट न्याहाळला आणि शांतपणे माझा उंट उचलून बाजूला ठेवला. मी लगेच घोडा डी३ वर ठेवला, बोटं सुटली, आणि तेव्हा दिसलं: एफ१ चा उंट मोकळा आहे. घोडाही गेला. त्या रात्री झोप लागली नाही.

'आठ चालींत मात' छापाचे व्हिडिओ मला म्हणूनच आवडत नाहीत. ते सापळा शिकवतात, सापळा हुकल्यावरचा डाव शिकवत नाहीत. आणि बुडापेस्टची खरी गंमत तिथेच आहे. पांढऱ्याने चौथ्या चालीला घोडा एफ३ केला की उंट सी५ वर आणा. एफ२ वर दाब येतो, त्याला ई३ करावं लागतं आणि त्याचा सी१ चा उंट कोंडला जातो. पुढे प्यादं परत घ्या, कॅसलिंग करा, मग ए५ आणि हत्ती ए६ वरून थेट एच६ ला. हा हत्ती राजाच्या अंगावर आला की भलेभले गडबडतात. इंजिन, म्हणजे संगणकाचा बुद्धिबळ प्रोग्रॅम, पांढऱ्याला थोडं वरचढ दाखवेल. आपल्या पातळीवर त्याने फार बिघडत नाही, असं माझं मत.

रुबिनस्टाइन विरुद्ध विदमार (दोघेही त्या काळचे नामवंत खेळाडू), बर्लिन १९१८, हा बुडापेस्टचाच डाव पटावर मांडून बघा, स्क्रीनवर नको. विदमारने एफ६ करून प्यादं सोडलं आणि २४ चालींत रुबिनस्टाइनसारख्याला हरवलं. सापळा लावून नव्हे, मोहरे भराभर बाहेर काढून.

अजून एक. स्पर्धेत निम्मे लोक दुसऱ्या चालीला सी४ करतच नाहीत, घोडा एफ३ किंवा लंडन (उंट एफ४ वर आणायची मांडणी) खेळतात. घोडा एफ३ वर सवयीने ई५ केलंत तर प्यादं फुकट जातं, त्यामुळे दुसरा एखादा बचाव तयार लागतोच. मी डी५ करून साधं खेळतो. तुमचे ते तीन डाव काढा आणि पांढऱ्याची दुसरी चाल काय होती ते आधी बघा.