आठ वर्षांचा मुलगा चिडतो, अंथरूण ओलं करतो : शाळा बंद असताना काय करावं? (ऑगस्ट 2021)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा आठ वर्षांचा, यंदा तिसरीत. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होता. ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून बसतो, बारीकसारीक कारणावरून धाकट्या बहिणीच्या अंगावर धावून जातो, रात्री बारापर्यंत जागा असतो आणि मे महिन्यापासून अंथरूण ओलं करायला लागलाय. सासरे एप्रिलमध्ये कोविडनं गेले, पण मुलाला ‘आजोबा गावाला गेलेत’ एवढंच सांगितलंय. आणि तुम्ही विचारलंय, त्याला रमवायला अजून काय करू?

रमवायला आता अजून काही करू नका. अबॅकस, चित्रकलेचा ऑनलाइन क्लास, रोज नवा खेळ, हे सगळं तुम्ही नोकरी सांभाळून करताय आणि थकलाय. मी आधी प्राथमिक शाळेत शिकवत होते, नंतर शाळांमधून समुपदेशनाचं काम केलं. या दीड वर्षात फोनवर ज्या आईवडिलांशी बोलले, त्यातल्या बऱ्याच घरांत दोनच गोष्टी अडल्या होत्या : मुलाला घरात काय चाललंय ते कोणी खरं सांगितलेलं नव्हतं, आणि त्याला बरोबरीचं एकही मूल भेटत नव्हतं. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आधी आजोबांचं. मे महिना आणि ओलं अंथरूण यांचा संबंध मला तरी उघड दिसतो. एप्रिलमध्ये घरात सारखे फोन चालू असणार, बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर हे शब्द त्याच्या कानावर पडले असणार, मोठी माणसं आत जाऊन रडताना त्यानं पाहिली असणार. गावाला गेलेल्या आजोबांचा चार महिन्यांत एकदाही फोन येत नाही, हे आठ वर्षांच्या मुलाच्या लक्षात येत नाही असं समजू नका. त्याला अर्धं कळलंय, आणि विचारायचं नसतं हेही कळलंय. मग उरलेलं अर्धं तो मनानं भरतो, आणि मुलं अशा जागी बहुतेक वेळा स्वतःलाच धरतात. या साथीत तर त्याला कारणही आयतं मिळालंय. ‘खाली खेळायला गेलास तर आजोबांना होईल’ हे आपण सगळ्यांनीच मुलांना वर्षभर ऐकवलं. त्यानंतर आजोबा खरंच दिसेनासे झाले. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार करा.

म्हणून सांगा. तुम्ही आणि त्याचे बाबा दोघं मिळून, सुट्टीच्या दिवशी, सकाळी किंवा दुपारी. झोपायच्या वेळी नको. शब्द साधे ठेवा : ‘आजोबांना कोविड झाला होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते बरे झाले नाहीत. ते वारले. आता ते परत येणार नाहीत. तुला सांगायला आम्हाला खूप जड जात होतं, म्हणून गावाला गेले असं म्हणालो, तसं म्हणायला नको होतं. आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य त्यानं विचारलं नाही तरी म्हणाच. ‘कायमचे झोपले’ असं मात्र चुकूनही म्हणू नका, आधीच तो झोपायला टाळतोय. ‘देवाघरी गेले’ म्हणायची पद्धत असेल तर म्हणा, पण ‘वारले’ हा शब्द आधी येऊ द्या. तो रडेल, किंवा ‘बरं’ म्हणून उठून खेळायला जाईल आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना तुम्हाला विचारेल की आजोबांना दुखलं का. पुन्हा पुन्हा तेच विचारेल. दर वेळी तेच उत्तर द्या. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर लपवू नका, त्याला कळू दे की या घरात आजोबांसाठी रडता येतं.

एप्रिलमध्ये कोणालाच धड निरोप घेता आला नाही. ना घरी आणलं, ना नातेवाईक जमले. त्यामुळे मुलांनाच काय, मोठ्यांनाही ते गेले हे नीट पटलेलं नाही. 10 सप्टेंबरला गणपती आहेत आणि पाठोपाठ पितृपक्ष. वर्षाच्या आत तुमच्याकडे गणपती बसवतात की नाही ते घरातल्या मोठ्यांनी ठरवावं, पण यंदा काय होणार आणि का, हे मुलाला आधी सांगा. आजोबा जे काम करत असतील, मखराचं किंवा दुर्वा निवडायचं, त्यातलं एक त्याच्याकडे द्या. पितृपक्षात पान ठेवताना त्याला बरोबर घ्या. अशा वेळी मुलं आजोबांच्या आठवणी आपणहून काढतात, तेव्हा फक्त ऐका.

आता शाळेचं. तुम्ही लिहिलंय की 17 ऑगस्टला शाळा सुरू होणार म्हणून त्यानं दप्तर भरलं आणि मग दोन दिवस जेवला नाही. 10 तारखेला शासनाचा आदेश निघाला, बालरोगतज्ज्ञांच्या कृती दलानं हरकत घेतली आणि निर्णय थांबला. आणि शहरांसाठीचा तो आदेश मुळात आठवी ते बारावीचा होता, तिसरीचा त्यात समावेशच नव्हता. टीव्हीवर ‘शाळा उघडणार’ एवढंच ऐकू आलं आणि आपण मुलांना ते आनंदानं सांगून टाकलं. यापुढे त्याला एवढंच सांगा : ‘तुझी शाळा कधी उघडेल ते मला माहीत नाही. कळेल त्याच दिवशी तुला सांगेन.’ ‘दिवाळीनंतर नक्की’ असं धीर देण्यासाठीसुद्धा म्हणू नका. मुलाला अनिश्चिततेपेक्षा मोडलेला शब्द जास्त लागतो. आणि त्याचा राग खरा आहे. 15 ऑगस्टपासून दोन्ही डोस झालेल्यांना लोकल खुली झाली, बाबा ऑफिसला जायला लागले, आणि घरात राहिली ती मुलंच. मलाही या गोष्टीचा राग येतो. ‘हो, हे तुझ्यावर अन्यायाचंच आहे’ असं त्याला म्हणा, लगेच समजूत घालायला जाऊ नका.

मग मित्र. माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथे लावायला हवा. खरी शाळा त्यानं पहिलीचे जेमतेम नऊ महिने पाहिली. वाटून घेणं, भांडून पुन्हा खेळणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, हे वयाच्या सहा ते आठमध्ये मूल दुसऱ्या मुलांकडूनच शिकतं, आणि नेमकी तीच वर्षं घरात गेली. बहिणीवर धावून जाण्यात मला ही उपासमार दिसते.

तिसरी लाट मुलांनाच गाठणार या भीतीनं तुम्ही त्याला खाली पाठवत नाही, हे समजतं. पण मे महिन्यातच बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं सांगितलंय की ती मुख्यतः मुलांवर येईल असं मानायला आधार नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या जून-जुलैच्या पाहणीत 6 ते 9 वयोगटातल्या 57.2 टक्के मुलांत प्रतिपिंडं सापडली, म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग आधीच होऊन गेला होता. आणि मुलं बहुतांशी सौम्य आजारी पडतात. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. सासूबाईंचे दोन्ही डोस झालेत का ते बघा, कोणाला ताप-खोकला असेल त्या दिवशी भेट नाही, मास्क हवा आणि जागा उघडी हवी. एवढं सांभाळून सोसायटीतलं एक किंवा दोन घरं निवडा. तीच मुलं, रोज साडेपाच ते साडेसहा, गच्चीवर किंवा मागच्या मोकळ्या जागेत. कमिटीनं मुलांना बंदी केलीय म्हणता, तर दोन-तीन पालकांनी मिळून वेळ, जागा आणि मुलांची संख्या लिहून सेक्रेटरींना पत्र द्या. तोंडी विनंतीपेक्षा त्याचा उपयोग होतो. आणि खेळ तुम्ही ठरवू नका. लांब खुर्ची टाकून बसा. भांडण झालं तरी लगेच उठू नका, सुरुवातीला भांडणं खूप होतील.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, जिथे मोबाइलला रेंजच नाही, तिथे ‘दिगंत स्वराज’ संस्थेनं गेल्या वर्षी लाउडस्पीकरवरून ‘बोलकी शाळा’ चालवली. मुलं उघड्यावर अंतर ठेवून बसायची आणि धडा ऐकायची. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की ती एकमेकांना दिसत होती.

अभ्यासाचं थोडक्यात. मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणाऱ्या सेतू अभ्यासक्रमाच्या, 45 दिवसांच्या आणि तीन चाचण्यांच्या ताणानं घरात रोज वाद होतात असं लिहिलंय. त्या चाचण्या मुलाचं कुठे राहिलंय ते शिक्षकांना कळावं म्हणून आहेत, पास-नापासाचा प्रश्नच नाही. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांप्रमाणे पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास असावेत. तुमच्या शाळेत चार होतात, तर वर्गशिक्षिकेला फोन करून घरची परिस्थिती सांगा आणि दोनच करायची परवानगी मागा. आजोबा गेले हे त्यांना माहीत तरी आहे का? कॅमेऱ्याचा हट्ट सोडा. त्याऐवजी आठवड्यातून एकदा बाईंशी त्याचं पाच मिनिटं फोनवर बोलणं झालं तर ते त्याला जास्त धरून ठेवेल.

रात्रीसाठी, उठायची वेळ आधी पक्की करा, झोपायची वेळ हळूहळू अलीकडे येईल. झोपण्याआधी तासभर मोबाइल नको, तुमचाही. ओल्या अंथरुणावरून एक शब्दही नको, बहिणीसमोर तर नाहीच. चादरीखाली प्लास्टिक घाला, दिवसा पाणी भरपूर आणि झोपताना लघवीला नेणं, एवढं पुरे. पण सगळं मनाचंच आहे असं धरून बसू नका. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून लघवीची तपासणी करा, पोट साफ होतं का ते सांगा. आणि तहान फार लागत असेल, दिवसाही सारखी लघवी होत असेल, वजन उतरत असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा, थांबू नका.

आजोबांचं सांगितल्यावर पहिले काही दिवस तो जास्त बिघडल्यासारखा वाटेल, ते अपेक्षित आहे. पण तीन-चार आठवड्यांनीही खेळात मन लागत नसेल, खाणं सुटलं असेल, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही तो एकदा जरी बोलला, तर बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या. रात्रीअपरात्री काही सुचेनासं झालं तर चाइल्डलाइनचा 1098 चोवीस तास चालू असतो. केंद्राच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, 14416, मराठीतून बोलता येतं (2021 मध्ये ही सोय ‘किरण’ हेल्पलाइनवर होती). तो फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. सासरे तुमचेही होते, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.