आधी तापमान कोणतं ते ठरव, मॉडेल नंतर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. शहरातली कोणती वस्ती किती तापते हे मशीन लर्निंगने, म्हणजे आकड्यांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकी मॉडेलने, शोधायचं आणि त्यावरून झाडं कुठे लावावीत, छपरं कुठे पांढरी करावीत हे नियोजनकारांना सांगायचं, हा बेत चांगला आहे. मात्र मॉडेलवर पानंच्या पानं आणि आपण कोणतं तापमान मोजणार यावर एकच ओळ, हे प्रमाण उलटं व्हायला हवं.

लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह देतात ते पृष्ठभागाचं तापमान. म्हणजे छपराचं, डांबराचं, झाडाच्या शेंड्याचं. माणूस ज्या हवेत वावरतो तिचं नव्हे. शिवाय हे उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी दहाच्या आसपास वरून जातात. पृष्ठभागाच्या तापमानात शहर आणि भोवतालचा फरक दिवसा ठळक दिसतो, हवेच्या तापमानात तो सूर्यास्तानंतर काही तासांनी वाढतो. कोरड्या प्रदेशात तर भरदिवसा शहर भोवतालच्या उघड्या जमिनीपेक्षा थंडही दिसू शकतं. योजना जर रात्री घरात उकडणाऱ्या लोकांसाठी असेल, तर सकाळी दहाचा नकाशा कितीही सुबक असला तरी निरुपयोगी. मोडिस हा दुसरा उपग्रह-सेन्सर रात्रीही पाहतो, पण त्याचा पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला एक ठिपका, १ किलोमीटरचा. अंतराळ स्थानकावरचा इकोस्ट्रेस सेन्सर सुमारे ७० मीटरच्या पिक्सेलने, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजतो, पण हवी ती वेळ हव्या त्या दिवशी मिळेल याची खात्री नाही. आणि प्रश्न रस्त्यावर दुपारी चालणाऱ्याचा असेल, तर हवेच्या तापमानाबरोबर वारा, आर्द्रता आणि अंगावर येणारी किरणं धरावी लागतात. झाडाची दुपारची खरी मदत सावलीची असते, हवा त्या मानाने थोडीच थंड होते. म्हणून कुणासाठी, किती वाजता आणि नेमकं कोणतं मोजमाप, हे आधी लिहून काढ.

आता डेटा. लँडसॅटचा थर्मल (उष्णता मोजणारा) सेन्सर १०० मीटरच्या चौकोनांत मोजतो, फाइल मात्र ३० मीटरच्या पिक्सेलची मिळते. म्हणजे एका खऱ्या मोजमापाचे साधारण ११ पिक्सेल होतात. त्यांना ११ स्वतंत्र नमुने धरलंस की सगळ्या चाचण्या खोट्या आत्मविश्वासाने पास होतात. लँडसॅटच्या दुसऱ्या संग्रहातल्या (कलेक्शन २) तयार तापमान-पट्ट्याच्या, म्हणजे तापमानाच्या थराच्या, आकड्याला ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवले की केल्विन मिळतं. हे विसरलं तर चूक लगेच दिसते, त्यामुळे त्याची मला काळजी नाही. काळजी न दिसणाऱ्या चुकांची आहे. ढगाच्या कडेचे पिक्सेल गार येतात आणि मॉडेल तो गारवा खालच्या वस्तीच्या नावावर जमा करतं, म्हणून ढगांचा मुखवटा, म्हणजे ढगाळ म्हणून वगळलेला भाग, काही पिक्सेल बाहेर पसरव. ढगाळ दिवस मुळातच वगळले जातात, तेव्हा निष्कर्ष निरभ्र दिवसांपुरतेच आहेत असं स्पष्ट लिही.

उत्सर्जकतेवर, म्हणजे तापलेला पृष्ठभाग किती उष्णता किरणांनी बाहेर टाकतो त्या प्रमाणावर, थोडं जास्त थांबतो, कारण इथे चूक थेट गरीब वस्त्यांवर येते. नव्या, न रंगवलेल्या पत्र्याची उत्सर्जकता फार कमी असते. गणितात ती काँक्रीटसारखी धरली गेली, की तापलेला पत्रा नकाशावर गार दिसतो आणि ती वस्ती प्राधान्ययादीतून खाली घसरते. तयार पट्ट्यात वापरलेली मूळ उत्सर्जकता २००० ते २००८ च्या निरीक्षणांची सरासरी आहे, त्यानंतर उगवलेल्या छपरांची तिला माहिती नाही. दुसरा धोका असा, की उत्सर्जकता एनडीव्हीआय या हिरवाईच्या निर्देशांकावरून काढली आणि तोच एनडीव्हीआय मॉडेलला इनपुट म्हणून दिला, तर हिरवाई आणि तापमान यांतल्या नात्याचा काही भाग सूत्रानेच घातलेला असतो. तयार पट्ट्यातही वनस्पतींनुसार दुरुस्ती केलेली असते. उत्सर्जकता थोडी बदलून निष्कर्ष किती हलतो ते तपास आणि तो तक्ता प्रबंधात दे.

हवामानाचे आकडे ईआरए५ या जागतिक हवामान-डेटासंचातून घेणार आहेस. त्याची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची, म्हणजे अख्खं शहर एकदोन चौकटींत मावतं. हा डेटा दिवसादिवसांतला फरक सांगेल, गल्लीगल्लीतला नाही. तुझ्याकडे १२ दिवसांच्या प्रतिमा आणि प्रत्येकीत २ लाख पिक्सेल असतील, तर हवामानापुरते तुझे नमुने १२ च आहेत, २४ लाख नव्हेत. ईआरए५ मधल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, जोडणी करताना स्थानिक वेळेत आण.

परीक्षक पहिला हात घालतील तो ट्रेनिंग (मॉडेल ज्यावर शिकतं तो डेटा) आणि टेस्ट (ज्यावर ते तपासलं जातं तो डेटा) यांच्या वाटणीत. पिक्सेल पिसून ८०–२० वाटले, की टेस्टमधल्या जवळजवळ प्रत्येक पिक्सेलचा शेजारी ट्रेनिंगमध्ये असतो. प्रश्नपत्रिका फुटल्यासारखंच ते. अक्षांश-रेखांश इनपुट म्हणून दिले तर मॉडेल थेट नकाशा पाठ करतं. आधी साध्या मॉडेलच्या उरलेल्या चुकांचा व्हेरिओग्रॅम, म्हणजे अंतर वाढेल तसा दोन जागांतला फरक कसा वाढतो याचा आलेख, काढ. त्यांचं परस्परनातं ज्या अंतरावर संपतं, त्याहून मोठ्या बाजूचे चौकोन पाड आणि अख्खे चौकोन टेस्टला ठेव. अंतर ८०० मीटर आलं तर चौकोन निदान १ किलोमीटरचा, मध्ये रिकामी पट्टी. फार मोठे चौकोन केले तर एखादा जमीनप्रकार ट्रेनिंगमधून पूर्ण गायब होतो, तेही नको. एक अख्खा उन्हाळा वेगळा ठेव, आणि दुसऱ्या शहरात मॉडेल चालेल असा दावा असेल तर एक अख्खं शहरही. निर्धारण गुणांक (तापमानातल्या फरकाचा किती भाग मॉडेल पकडतं ते) ०.९ वरून ०.५ वर आला तर तो ०.५ च छाप. मात्र शेजारी उंची, बांधकामाची घनता आणि हिरवाई एवढ्यावरच्या साध्या रेषीय मॉडेलचा आकडा हवा. रँडम फॉरेस्टने, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या मॉडेलने, त्याला मागे टाकलं नाही, तर साधं मॉडेलच वापर. न्यूरल नेटवर्कसारख्या अधिक गुंतागुंतीच्या मॉडेलचा मोह त्यानंतरचा.

रँडम फॉरेस्ट त्याच्या निर्णयवृक्षांच्या पानांत जमलेल्या ट्रेनिंगमधल्या आकड्यांच्या सरासऱ्या देतं. ट्रेनिंगमध्ये कमाल ४४ अंश असतील तर ते ४४ च्या वर कधीच जाणार नाही, त्यामुळे त्यावर थेट भविष्यातल्या हवामानाचे नकाशे काढू नकोस. तापमानाऐवजी, जवळपास त्याच उंचीवरच्या ग्रामीण संदर्भापासूनचा फरक शिकव आणि पार्श्वभूमीची वाढ हवामान मॉडेलमधून वेगळी मिळव. शहरी फरक तापलेल्या हवामानात तसाच राहील हे गृहीतक आहे, ते लपवू नकोस.

खरी अडचण शेवटच्या प्रकरणात आहे. ‘हिरवाई १० टक्क्यांनी वाढवली तर तापमान इतकं घटेल’ असं तू मॉडेलमधला आकडा हलवून सांगणार आहेस. पण झाडं जिथे आहेत तिथे बहुधा मोकळी जागा, पाणी आणि कमी दाटी हेही असतं. मॉडेल या सगळ्याचं श्रेय झाडांना देतं. शॅप या पद्धतीचे (कोणत्या इनपुटचा उत्तरात किती वाटा ते दाखवणारे) आलेख मॉडेलने काय वापरलं एवढंच सांगतात, काय केल्याने काय होईल ते नाही. दाट वस्तीत ६० टक्के हिरवाई ट्रेनिंगमध्ये कुठेच नसेल, तर ते उत्तर हवेतलं आहे. स्टुअर्ट आणि ओक यांचे २०१२ चे १७ स्थानिक हवामान विभाग (बांधकाम आणि जमीन यांवरून केलेले वस्तीचे प्रकार) घे आणि तुलना एकाच विभागाच्या आत कर. प्रत्यक्ष झाडं लागली किंवा तोडली गेली, अशा जागांची आधीची आणि नंतरची वर्षं न बदललेल्या जागांशी ताडून बघ. सावलीपुरतं सोलवेगसारखं, अंगावर येणाऱ्या किरणांचं गणित करणारं भौतिक मॉडेल तीनचार गल्ल्यांवर चालव. या तपासण्यांची आणि तुझ्या मॉडेलची दिशा जुळली नाही तर ती शिफारस काढून टाक.

नियोजनकारांना पिक्सेल नको असतो, कुठून सुरुवात करायची ते हवं असतं. पिक्सेलांचे आकडे वस्तीनिहाय एकत्र कर, चौकोन बदलून मॉडेल शंभर वेळा चालव आणि प्रत्येक वस्ती किती वेळा पहिल्या दहांत आली ते दे. ९० वेळा येणारी आणि ५५ वेळा येणारी वस्ती नकाशावर एकाच लाल रंगात नकोत.

पुढच्या खेपेला कोड पाठवू नकोस. व्हेरिओग्रॅम, चौकोनांचा नकाशा, साध्या मॉडेलचा आकडा आणि हवेचं तापमान मोजणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांची यादी पाठव. यादीत प्रत्येक सेन्सर जमिनीपासून किती उंचीवर आहे, भिंतीला टेकलेला आहे का आणि त्याला ऊन थेट लागू न देणारं किरणरोधक आवरण आहे का, हे रकाने भरलेले असू देत.

कळावे.