जॅझ गिटार नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

वाद्यवृंदासोबतची जॅझ गिटार ऐकायचीय ना? मग अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमरीचा १९६३चा 'फ्यूजन!' हा अल्बम घ्या. मागे व्हायोलिनचा ताफा, संगीत संयोजन जिमी जोन्सचं. नावावरून पुढच्या काळात 'फ्यूजन' म्हटलं गेलेलं जॅझ-रॉक समजू नका. यात बहुतेक जुनी, लोकांच्या ओठांवरची गाणी आहेत.

सध्या एवढंच करा:

१. आधी मूळ गाणं ऐका. 'गॉड ब्लेस द चाइल्ड' बिली हॉलिडेच्या आवाजात चाल गुणगुणता येईपर्यंत ऐका, मग गिटारवर. चाल डोक्यात नसेल तर वेस ती कुठे सोडतो, कुठे परत धरतो, हे कळणारच नाही. बहुतेक नवे श्रोते इथेच अडतात आणि 'सगळी गाणी सारखीच वाटतात' म्हणून अल्बम बंद करतात.

२. आवाजाकडे कान द्या. वेस पिक (तार छेडायची छोटी पट्टी) वापरत नसे, अंगठ्याने तार छेडायचा. म्हणून तो गोलसर, उबदार नाद. अधूनमधून एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजतो. ती त्याची खूण. एकदा ओळखता आली की फार मजा येते!

३. काम करताना मागे लावून ठेवू नका, नुसता गोडवा तेवढा ऐकू येईल. हेडफोन लावा, एका बैठकीत एक-दोनच गाणी.

लांबलचक, वेगवान सोलोंची (एकट्या वादकाच्या उत्स्फूर्त वादनाची) अपेक्षा इथे नको. त्यासाठी नंतर त्याचाच १९६०चा 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार' आहे. कॉर्ड आणि स्केलची पुस्तकं तूर्त राहू देत. आज 'फ्यूजन!'मधलं 'माय रोमान्स' लावा.