तिच्या पाच नवऱ्यांविषयी

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

पाळकांनी तुला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उपदेशासाठी दिला, हे कळलं. शोमरोनी स्त्री! विहिरीवर येशूला भेटलेली शोमरोन प्रांतातली बाई; तुला पाच नवरे होते आणि आता आहे तो तुझा नवरा नाही, असं तो तिला सांगतो. आता सगळे तुला तेच टिपण देतील: ती बदफैली होती, गावच्या बायका टोमणे मारत म्हणून भर दुपारी एकटीच पाण्याला आली, आणि येशूने तिचं पाप उघड केलं. मीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. पण लिहायला बसण्यापूर्वी अध्याय एकदा मोठ्याने वाच. यातलं नेमकं काय तिथे लिहिलंय आणि काय आपण पदरचं घातलंय, ते पाहा.

ती दुपारी का आली, हे योहान सांगतच नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची होणारी बायको राहेलही दिवस बराच शिल्लक असताना विहिरीवर येते. तिच्या चारित्र्याची चौकशी आपण करतो का?

आता पाच नवरे. मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा लेख, लिहून देतो तो पुरुष, आणि शोमरोनीही मोशेची पाच पुस्तकं मानत. म्हणजे पाचांपैकी काही मेले असतील, काहींनी हिला टाकलं असेल. सदूकी या यहुदी पंथाचे लोक येशूला विचारतात त्या गोष्टीतली बाई आठव. एकामागून एक सात भावांशी तिचं लग्न होतं. तिला कुणी कुलटा म्हणत नाही, आपण तिला बिचारी म्हणतो. मग हिलाच वेगळा न्याय का? सहावा पुरुष नवरा नाही, हे येशू स्पष्ट म्हणतो, ते तू झाकू नकोस. पण त्यामागची हकिकत आपल्याला ठाऊक नाही, आणि येशूही तिथे थांबून राहत नाही. ‘यापुढे पाप करू नकोस’ हे त्याने तिला सांगितलेलं नाही. ते तो पुढच्याच अध्यायात, बऱ्या केलेल्या एका पुरुषाला सांगतो! हिच्याशी तो बोलतो ते खऱ्या उपासनेबद्दल, आणि मशीहा तो मीच, हे तिला उघड सांगतो.

एका उपदेशकाला मी या अध्यायावर एकेक नवरा बोटांवर मोजताना पाहिलंय. चौथ्या बोटाला मंडळीत हशा पिकला. मागच्या बाकावर नवऱ्याने टाकलेली एक बाई होती. तिने पर्स उचलली, मुलाला हाताला धरलं आणि शेवटच्या गीताआधीच बाहेर पडली. तुझ्यासमोरही अशा बायका बसलेल्या असतील. कोण कुठे बसतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मात्र जरूर दे. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा विधवा होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं आणि विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना हाच अध्याय वाचून दाखवला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी किती निराधार बायकामुलींना आसरा दिला, हे आपल्याकडे सांगायला नको. तोच अध्याय आपण बाईला खाली मान घालायला लावण्यासाठी वापरावा, हे मला पटत नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. ती निष्पाप होती, असंही योहानाने लिहिलेलं नाही. जिथे तो गप्प आहे, तिथे तूही गप्प राहा.

उपासनेनंतर एखादे वडीलधारे विचारतीलच, “बाई, तिच्या पापाचं काय?” वाद घालू नकोस, त्यांच्यापुढे एकोणचाळिसावी ओवी उघड. गावातल्या पुष्कळांनी तिच्या शब्दावरून विश्वास ठेवला. ती खरोखर गावाने वाळीत टाकलेली असती, तर लोक तिच्या एका हाकेवर विहिरीकडे आले असते का, एवढंच त्यांना विचार.

मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. वीस मिनिटांच्या वर नको.

तुझा,
काका